पाण्यात एकही जाळे नाही

"मोठ्यानं वाचा ताई. समद्यांना ऐकू जाऊ द्या," कारभारी म्हणाले आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणलेला कागद त्यांनी थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"अहो, माझं काम अडलंय. उत्पन्नाच्या दाखल्याचे चार जण उभे आहेत, दिसत नाहीत का?" मी खेकसले.

"उभे ऱ्हातील ते. वाचा तुमी."

मी वाचलं. सरकारी पंचनामा होता, तीन दिवसांपूर्वीचा, जुलैतला. काळदरी धरणाच्या काठी होऊन गेलेल्या पाहणीचा. त्यातली एक ओळ कारभारींनी बोटानं दाखवली होती. "पाहणीच्या दिवशी जलाशयात एकही जाळे, होडी अथवा तराफा आढळून आला नाही. मासेमारी करणारी एकही व्यक्ती आढळून आली नाही. उपस्थितांनी यास दुजोरा दिला." खाली कारभारींची सही, आणि सहीवर त्यांच्या मच्छीमार संस्थेचा गोल शिक्का, अगदी सरळ मारलेला.

"बघा," रांगेतल्या लोकांकडे वळून ते म्हणाले, "सरकारनं लिवून दिलं. आषाढात आमच्या पाण्यात एक जाळं नाय. हाय का दुसऱ्या कुठल्या धरणावर असं?"

दाखल्याच्या रांगेतल्या माणसानं उगाच मान हलवली. मी म्हणाले, "छान झालं," आणि कागद बाजूला सरकवला.

छान झालं! बावीस वर्षं मी सीबीएस बसस्टँडजवळ, एका मोठ्या कचेरीच्या भिंतीला टेकून हे दुकान चालवते. दुकान म्हणजे काय, एक टेबल, लॅपटॉप, प्रिंटर आणि वर ताडपत्री. अर्ज, प्रतिज्ञापत्र, हरकत, तक्रार, जे म्हणाल ते टाइप करून देते. सरकारी मराठी मी झोपेतही वाचू शकते, असं मी लोकांना सांगत फिरते. आणि त्या दिवशी ती ओळ माझ्या नाकासमोर होती, मी ती चारचौघांत मोठ्यानं वाचली, आणि मला काही खटकलं नाही. मेल्या डोळ्यांना काय झालं होतं कोण जाणे.

कारभारी नऊ वर्षांपासून माझ्याकडे यायचे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या पहिल्या बसनं. उंच, हाडकुळा माणूस, पन्नाशीचा. पँट नेहमी इस्त्रीची, पण अंगाला पाण्याचा एक वास असायचाच. त्यांच्या वडिलांची जमीन काळदरीच्या धरणात गेली. तेव्हा कुणी तरी साहेब गावाला म्हणाला होता, जमीन गेली तर गेली, पाणी तुमचंच आहे, मासे धरा आणि खा. त्या एका तोंडी वाक्यावर चाळीस घरांनी नांगर सोडून जाळी हातात घेतली. ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरायची, त्यावर फळी टाकायची आणि बसायचं पाण्यात. शिकवायला कुणी नव्हतं. दोन माणसं बुडाली, मग बाकीचे शिकले.

आता ते पाणी जलपर्यटनाला द्यायचं घाटत होतं. काठाला तारेचं कुंपण, आत बोटी, तंबू, आणि शहरातल्या लोकांना तिकीट काढून गळ टाकायची सोय. गावाला मात्र पाण्यात पाय टाकायची बंदी. म्हणून हे अर्ज. मंत्र्यांना, सचिवांना, आमदारांना, ज्या ज्या टेबलावर कागद पोचू शकतो त्या प्रत्येक टेबलाला. मी 'विनंती' टाइप केलं की ते म्हणायचे, "विनंती खोडा ताई, मागणी लिवा. आमचं पाणी हाय, भीक नाय मागत." प्रत्येक अर्ज सुरूच व्हायचा 'आमचा हक्क' या शब्दांनी. आणि सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवायला लागायचा. मी चिडायचे, गिऱ्हाइकं हसायची. शेजारचा चहावाला सुनील म्हणायचा, "ताई, तुमचं कीर्तन चालू झालं का?"

पण एक सांगते, माणूस चिवट. आपल्या एकट्या गावापुरतं मागून काही होत नाही, हे त्यांना तिसऱ्या वर्षी कळलं. मग ते म्हणाले, "नियमच बदलायला लावू." आम्ही जिल्ह्यातल्या नऊ धरणांवरच्या लोकांच्या सह्या जमवल्या. जलपर्यटनाच्या धोरणाचा मसुदा आला तेव्हा तीस दिवसांत हरकती द्यायच्या होत्या. कारभारींनी एकशे बारा हरकती आणून माझ्यापुढे ठेवल्या, सगळ्या वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. त्या सगळ्या टाइप करताना माझी मान आखडली ती आजवर सुटलेली नाही. आणि गंमत म्हणजे, ऐकलं गेलं. धोरण छापून आलं आणि त्यात एक ओळ आली: ज्या जलाशयात पारंपरिक मासेमारी प्रत्यक्ष चालू असल्याचे पाहणीत आढळेल, तेथील एक काठ स्थानिक मच्छीमारांसाठी राखून ठेवण्यात येईल.

त्या दिवशी कारभारींनी पेढे आणले. सुनीलला दिले, रांगेतल्यांना दिले, कचेरीच्या वॉचमनला दिले. मला म्हणाले, "ताई, ही वळ आपली हाय. तुमची आन् माझी." मी आयुष्यात एवढे कागद टाइप केले, पण माझी म्हणावी अशी तेवढी एकच ओळ. मी तिची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती.

आणि मग ती पाहणी आली जुलैत. म्हणजे आषाढात.

आषाढात काळदरीच्या पाण्यात कुणी जाळं टाकत नाही. हा नियम कारभारींच्या आईचा, बयाबाईंचा. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेली मासळी धरायची नाही. आषाढ लागला की सगळ्या घरांची जाळी धुऊन, वाळवून मरीआईच्या देवळात टाकायची, ट्यूबांची हवा काढायची आणि देवळाला कुलूप लावायचं. चावी बयाबाईंच्या कमरेला. नारळी पुनवेला पाण्यात नारळ सोडला की कुलूप निघायचं. चाळीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही हा नियम. त्या दिवसांत बाया-माणसं टोमॅटोच्या लागणीला नाहीतर भाताच्या आवणीला जातात, अर्धपोटी राहतात, पण पाण्याला हात लावत नाहीत.

तर साहेब आला, काठावर उभा राहिला. समोर नुसतं पाणी. त्यानं विचारलं, "इथे जाळी कोण टाकतं?" बयाबाई पुढे होऊन म्हणाल्या, "आत्ता? एकजण बी नाय. हिंमत हाय का कुणाची!" साहेबानं तसं लिहून घेतलं. कारभारींनी छाती काढून सही केली. साहेब चांगला माणूस होता, चहा पिऊन गेला. चालू वहिवाट बघायला आलेल्या माणसाला यांनी आपला संयम दाखवला. दुसरा कुणी असता तर भाड्यानं माणसं आणून पाण्यात बसवली असती.

मला कळलं ते दीड महिन्यानं, कचेरीच्या बोर्डावर सुनावणीची नोटीस लागलेली पाहिली तेव्हा. एका दमात कळलं. मी कारभारींना फोन लावला. "कारभारी, त्या पंचनाम्याची झेरॉक्स घेऊन या. लगेच या."

"काय झालं ताई? चांगला हाय की पंचनामा."

"चांगला नाही हो," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

सुनावणीच्या दिवशी मी दुकान सुनीलच्या भरवशावर टाकलं आणि गेले. मोठा हॉल, पंखे फिरत होते, मागे काळदरीची पाऊणशे माणसं. पुढच्या खुर्चीत बयाबाई, पंचाहत्तरीची सुकलेली म्हातारी, नऊवारी धुतलेली, कमरेला पितळी चावी. पलीकडे जलपर्यटनाच्या कंपनीचे लोक फाइल उघडून बसले होते. मधल्या टेबलावर सुनावणी घेणारे साहेब. पाहणीचा साहेब वेगळा, हे वेगळे.

"ही सही तुमचीच ना?" साहेबांनी पंचनामा वर धरला.

"माझीच," कारभारी म्हणाले.

"जबरदस्तीनं घेतली?"

"नाय साहेब. राजीखुशीनं केली."

"मग यात लिहिलंय, मासेमारी आढळली नाही. धोरणात काय लिहिलंय? प्रत्यक्ष चालू आढळली पाहिजे. मी काय करू सांगा."

कारभारी उभे राहून सांगायला लागले. आषाढ, गाभोळी, देऊळ, कुलूप. साहेब ऐकत होते, नाही असं नाही. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, प्रथा वगैरे या कागदात बसत नाही. पण चाळीस घरं आहेत. त्या आठवड्यात एखादा तरी माणूस पाण्यात गेला असेलच की नाही? चोरून का होईना? तसं कुणी शपथेवर सांगितलं, तर मासेमारी चालू होती असं म्हणता येतं. मी फेरपाहणी लावतो. दिवाळीनंतर."

मला वाटलं, सुटलो! एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "म्हणा ना कारभारी, म्हणा." मी तर बसल्या जागी मूठ आवळली होती. कारभारींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आईकडे बघितलं.

बयाबाई खुर्चीवरून उठल्या. "एकबी नव्हता, साहेब," त्या म्हणाल्या. "चावी माझ्याजवळ हाय. जाळी समदी देवळात व्हती. नाय टाकलं त नाय टाकलं. मरीआईच्या दारात ठेवलेल्या जाळ्यावर खोटं बोलू का मी?"

"आजी, तुमच्याच फायद्याचं सांगतोय मी."

"ठाऊक हाय बाबा. तुझं चांगलं होवो."

आणि त्या खाली बसल्या. कारभारी उभेच होते. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आई बोलली तसंच हाय."

त्या म्हातारीचा मला इतका संताप आला, इतका, की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बाई गं, कुणाला दाखवतेस हे? कोण बघतंय तुझं खरेपण? घरी येऊन मी रडले. तिच्यावर रडले की स्वतःवर, ठाऊक नाही. कारण ती ओळ जुलैत मी वाचली होती. त्याच दिवशी मी बोलले असते, तर नारळी पुनवेनंतर पुन्हा पाहणी मागता आली असती, मुदत होती. मी "छान झालं" म्हणाले आणि उत्पन्नाचा दाखला टाइप करायला घेतला.

दोन महिन्यांनी आदेश आला. काळदरी जलाशयात पारंपरिक मच्छीमार आढळून येत नाहीत. मच्छीमार संस्था कामच करत नाही म्हणून तिची नोंदणी रद्द. डिसेंबरात तार लागली, काठाला लागून, पार पाण्याच्या रेषेपर्यंत. पाणी चढलं की तारेत शिरतं, असं कारभारींनी फोनवर सांगितलं. अपील केलं, फेटाळलं. वकील म्हणाला, तुमच्याच सहीविरुद्ध काय लढू? नारळी पुनवेला निघालेली जाळी परत देवळात गेली. कुलूप काढायला कारणच उरलं नाही, तर चावी बयाबाईंच्या कमरेला तशीच.

माझ्या काचेखालची ती प्रिंट मी काढून टाकली. त्या जागी आता देवाचं कॅलेंडर आहे.

त्यानंतर कारभारी यायचे बंद झाले. पहिला सोमवार आला की सुनील विचारायचा, "कीर्तनकार नाय आले?" मी त्याच्यावर डाफरायचे. कळलं ते असं, की ते अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात झाडू-पोच्याला लागले. गावातले बरेच जण तिकडेच लागले, कुणी वॉचमन, कुणी हेल्पर.

गेल्या आठवड्यात, मंगळवारी, ते अचानक समोर उभे. पँटला इस्त्री नव्हती. पाण्याचा वास नव्हता, फिनेलचा होता. हातात स्टीलचा छोटा डबा.

"खाडा केला आज," ते म्हणाले. "एक अर्ज करायचा हाय."

"कारभारी, आता कसला अर्ज?" मी म्हणाले. "बसा आधी. चहा घ्या."

"चहा नको. आधी हे बघा." त्यांनी डबा उघडला. आत थोडं पाणी, आणि पाण्यात पिवळट गाभोळीचे लोंबते तुकडे. बारीक दाणा. "बोटीवाल्या कंपनीनं मासे धरायचा ठेका भाईरच्याला दिला. तो आषाढातच जाळी लावतो, ताई. मोठाली, बारीक डोळ्याची. मासळी काठावर फोडतो, गाभोळी फेकून देतो. काल तारेपाशी एवढी पडली व्हती. कावळे खात व्हते."

आदल्याच रविवारी आमच्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर मासेवाली मला म्हणाली होती, "घ्या ताई, पोटात भरपूर गाभोळी हाय, धरणाची ताजी." आणि मी घेतली होती. घरात सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. हे मी कारभारींना सांगितलं नाही. सांगायची हिंमत झाली नाही.

"विषय काय टाकू?" मी विचारलं.

"आषाढापासून नारळी पुनवेपातूर काळदरीच्या पाण्यात कुणी जाळी टाकू नये."

"कुणी म्हणजे?"

"कुणीच. आमाला द्या, असं नका लिवू. ते झालं आता. दीड महिना तेवढं पाणी बंद ठेवा म्हणावं. बाकी वर्षभर त्यांनी खुशाल धरावं."

मी टाइप करायला लागले. अर्जदाराचं नाव, पत्ता. व्यवसाय या शब्दापुढे माझ्या बोटांनी आपोआप 'मच्छीमार' टाइप केलं, नऊ वर्षांची सवय. कारभारी वाकून बघत होते.

"ते खोडा ताई. तिथं कुणी मच्छीमार नाय, असं सरकारनं लिवलंय. पहिल्या वळीलाच फेटाळतील."

"मग काय लिहू?"

"मजुरी."

मी खोडलं. मजुरी लिहिलं. मग नेहमीप्रमाणे 'आमचा हक्क' टाइप करणार, तर त्यांनी माझ्या हाताजवळ टेबलावर बोट ठेवलं. "इथं असं लिवा. अर्जदाराचा या पाण्यावर कुठलाबी हक्क नाय. म्हंजी त्यांना वाटायचं नाय, की हा मागल्या दारानं मागायला आलाय."

"हे मी नाही लिहिणार," मी म्हणाले. "कारभारी, हे मी मरून गेले तरी लिहिणार नाही. नऊ वर्षं आपण काय केलं मग?"

"लिवा ताई," ते अगदी हळू म्हणाले. "आपल्यासाठी मागितलं त्याचं जे झालं ते झालं. आता त्या मासळीसाठी मागतोय. त्यात आपलं नाव मधी नको."

मी लिहिलं. अर्जदाराचा सदर पाण्यावर कोणताही हक्क नाही. प्रिंट काढली. त्यांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं नाही, मीही वाचलं नाही. सही करून त्यांनी सवयीनं पिशवीत हात घातला, संस्थेचा गोल शिक्का आणि पॅड बाहेर काढलं. मग ते हातात धरून क्षणभर थांबले आणि परत पिशवीत ठेवून दिलं.

अर्ज आणि डबा घेऊन ते कचेरीत गेले. अर्ध्या तासानं परत आले. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक पडला होता. डबा हातातच होता.

"अर्ज घेतला," ते म्हणाले. "डबा नाय घेतला. मी म्हणालो पुरावा हाय, अर्जाला जोडा. बाई म्हणाली, वास येतोय, भाईर न्या."

"टाका ना मग तो. त्या तिकडे कचराकुंडी आहे."

"नाय," ते म्हणाले. "घरी नेतो. पाणी तारेत शिरलंय, हात घातला की पोचतो. सोडून देतो आत."

"अहो, त्यातून आता पिल्लं निघायची नाहीत."

"ठाऊक हाय."

मी पैसे घेणार नव्हतेच, आणि त्यांनीही या वेळी आग्रह केला नाही. प्रतीची घडी दुधाच्या पिशवीत घालून त्यांनी ती शर्टाच्या आत सरकवली आणि डबा दोन्ही हातांत धरला. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून वर अंगठा दाबून ठेवला होता. बस आली. गर्दी होती. कंडक्टर "चला मामा, दांडा धरा, दांडा धरा" म्हणून ओरडत होता. पण दांडा धरायला त्यांचा हात मोकळा नव्हता. पाणी सांडू नये म्हणून डबा सरळ धरून, खांद्यानं दाराला रेटत ते पायरी चढले आणि तसेच उभे राहिले.